संगणकाच्या भाषेचें वाक्यपृथक्करण



"पाऊस आला तर दोरीवरचे कपडे घरांत घे आणि दिवा लाव." संध्याकाळीं बाहेर पडतांना घरांतील वडील माणूस मुलाला असें सांगून जातें आणि मूल सांगितलेलें बिनचूक करतें. पाऊस आला नाहीं, म्हणून घर अंधारांत ठेवलें, असें कोणतेंही शहाणें मूल करीत नाहीं. वास्तविक या वाक्याकडे नुसतें वाक्य म्हणून पाहिलें, तर दिवा लावण्याची आज्ञा पावसावर अवलंबून आहे कीं ती स्वतंत्र आहे, हें त्यांतील शब्दांवरून मुळींच ठरत नाहीं. 'आणि' या उभयान्वयी अव्ययानें कोणतीं दोन वाक्यें जोडलीं आहेत, असा तो प्रश्न आहे. मूल तो प्रश्न सोडवितें तें व्याकरणाच्या बळावर नव्हे. तिन्हीसांजा झाल्या कीं दिवा लावावयाचा, हें त्याला आधींच ठाऊक असतें.

आजचें माझें भाषण ज्याला यांतील कांहींही ठाऊक नाहीं, अशा एका श्रोत्याविषयीं आहे. तो श्रोता म्हणजे संगणक. त्याला पाऊस कळत नाहीं, तिन्हीसांज कळत नाहीं, आणि बोलणाऱ्याच्या मनांत काय होतें याची तो चौकशीही करीत नाहीं. जें लिहिलें तें, आणि जसें लिहिलें तसें, एवढेंच त्याला समजतें. म्हणून त्याच्याशीं बोलण्यासाठीं ज्या भाषा रचल्या गेल्या त्यांत वरच्यासारखी शंका उरूं नये, अशी व्यवस्था करावी लागली. ती व्यवस्था काय आहे आणि ती शिकतांना नवशिका कोठें अडखळतो, तें मी आपणांस सांगणार आहें.

गेलीं कांहीं वर्षें आमच्या गांवच्या वाचनालयांत संध्याकाळीं जीं मुलें जमतात, त्यांना मी पायथॉन नांवाची संगणकभाषा शिकवितों. खरें सांगावयाचें तर त्यांच्याबरोबर शिकतों. या भाषेची शब्दसंपत्ति पाहिली तर हंसूं येईल. तिच्यांत राखीव शब्द अवघे ३५ आहेत. ते इंग्रजी आहेत खरे, परंतु पाठ करावयास आठवडा पुष्कळ झाला. बाकीचीं नांवें आपलीं आपण ठेवावयाचीं, आणि तीं मराठींत ठेवलीं तरी या भाषेला चालतें. तेव्हां मुलें शब्दांपाशीं अडत नाहींत. तीं अडतात वाक्यरचनेपाशीं, आणि त्यांतही दोनच ठिकाणीं. एक ठिकाण पदावलीचें, दुसरें आज्ञांच्या गटाचें. पहिलीला इंग्रजींत एक्स्प्रेशन म्हणतात, दुसऱ्याला ब्लॉक.

पदावली ही आपली जुनी ओळखीची आहे. मुद्दल ५००० रुपये, दर ८, मुदत ३ वर्षें. सरळव्याज काढावयाचें तर ५००० गुणिलें ८ गुणिलें ३ भागिलें १०० असें आपण मांडतों. हें जें मांडलें, त्यांत कोणालाही कांहीं करावयास सांगितलेलें नाहीं. ती आज्ञा नव्हे. मात्र तिला किंमत आहे. ती किंमत १२००. जेथें म्हणून १२०० हा आंकडा लिहितां येतो तेथें ही सबंध मांडणी लिहितां येते, आणि अर्थ बदलत नाहीं. त्यामुळेंच एका पदावलीच्या पोटांत दुसरी पदावली सुखानें राहते. व्याजांत मुद्दल मिळविलें कीं रास झाली ६२००. तीही पदावलीच. कोणतें गणित आधीं करावयाचें, यासाठीं कंस आहेत, आणि कंस नसल्यास आपल्या शाळेंतील 'कंचेभागुबेव' आहे. दोन अधिक तीन गुणिलें चार यांचें उत्तर पायथॉनही १४ च देतो, २० देत नाहीं. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनीं फोरट्रान ही भाषा प्रसिद्ध केली, तिचें नांवच मुळीं 'सूत्रांचें भाषांतर' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या संक्षेपानें बनलें आहे. बीजगणितांत लिहितों तशी पदावली लिहावी आणि तिचे बेरजा-गुणाकारांचे तुकडे यंत्रानें आपले आपण पाडावे, ही सोय त्या भाषेनें रूढ केली.

येथवर मुलांची वाट सरळ असते. पहिला खड्डा लागतो तो तुलनेचा. 'गुण ६० किंवा अधिक' असें लिहिलें, कीं मुलांना वाटतें हा कांहींतरी हुकूम आहे, किंवा निदान प्रश्न तरी आहे. तो दोहोंपैकीं कांहींच नाहीं. तीही पदावलीच आहे. फरक इतकाच, कीं तिची किंमत आंकड्यांत येत नाहीं. ती 'खरें' किंवा 'खोटें' या दोन शब्दांत येते. हें एकदां उमगलें म्हणजे 'जर-तर' वाक्यांतील 'जर'च्या पुढें काय लिहावयाचें, तें निराळें शिकवावें लागत नाहीं.

दुसरा खड्डा बरोबरच्या चिन्हाचा. जन्मभर ज्यानें फळ्यावर समीकरणें सोडविलीं त्याला 'क बरोबर क अधिक १' हें प्रथम पाहतांना काय वाटलें असेल, याची कल्पना करावी. एखाद्या विद्यार्थ्यानें तें वहींत लिहिलें असतें तर मीं त्यावर तांबडी फुली मारली असती. परंतु येथें तें समीकरण नव्हे. उजवीकडे पदावली आहे. तिची किंमत आधीं काढावयाची आणि मग ती डावीकडच्या नांवाला द्यावयाची, अशी ती आज्ञा आहे. चिन्ह तेंच, अर्थ दुसरा. दोन किंमती सारख्या आहेत का, हें पाहावयाचें असेल तर बरोबरचें चिन्ह दोनदां जोडून लिहावें लागतें.

या एका चिन्हाची कथा मोठी आहे. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बनविलेल्या सी या भाषेंत किंमत देण्याची ही क्रिया स्वतःच पदावली मानली आहे. म्हणजे तिलाही किंमत असते आणि ती अटीच्या जागीं बसूं शकते. त्यामुळें 'क पांचाबरोबर आहे का' असें विचारावयाचें असतां एक चिन्ह कमी पडलें, कीं 'क ला पांच कर' असा अर्थ होतो आणि ती अट नेहमींच खरी ठरते. पायथॉनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनीं हा घोटाळा नको म्हणून साधी किंमत देणें ही केवळ आज्ञा ठेविली. अटीच्या जागीं ती लिहिली तर यंत्र वाचावयासच नकार देतें. पुढें कांहीं लोकांनीं मागणी केली, कीं अपूर्णविराम व बरोबर हीं चिन्हें जोडून पदावलींत बसणारा असा एक निराळा प्रकार असावा. त्यावर इतका कडाक्याचा वाद झाला, कीं ती सूचना मान्य केल्यावर २०१८ च्या जुलईंत व्हान रॉसम यांनीं भाषेचें नेतृत्वच सोडून दिलें. २०१९ मध्यें तो प्रकार भाषेंत आला. पदावली कोणती आणि आज्ञा कोणती, हा भेद कोणाला शब्दच्छल वाटत असेल, तर त्यानें हें उदाहरण लक्षांत घ्यावें.

आणखी एक गोष्ट या ओघांत सांगून टाकतों. मुलांना 'दाखव' आणि 'परत दे' यांतील फरक फार उशिरां कळतो. सोपविलेलें गणित करून उत्तर मोठ्यानें वाचणें निराळें, आणि उत्तर लिहिलेली पाटी गुरुजींच्या हातीं देणें निराळें. वाचलेलें उत्तर साऱ्या वर्गानें ऐकलें, परंतु गुरुजींच्या हातीं कांहींच आलें नाहीं. मग पुढची बेरीज ते कशांत मिळविणार? संगणकाच्या पडद्यावर उत्तर उमटलें, म्हणून त्या पदावलीला ती किंमत आली, असें होत नाहीं.

आतां गटाकडे वळूं. दोरीवरच्या कपड्यांचा प्रश्न खरा येथें आहे. एका 'तर'च्या ताब्यांत एक आज्ञा आहे कीं दोन, हें यंत्राला कसें कळावें?

यावर पहिलें भक्कम उत्तर दिलें तें अल्गोल ६० या भाषेनें. तिचें निवेदन १९६० साली प्रसिद्ध झालें. त्या भाषेंत 'बिगिन' आणि 'एंड' असे दोन शब्द नेमले आहेत. त्यांच्या मध्यें जेवढ्या आज्ञा येतील त्या सर्व मिळून एकच आज्ञा समजावी, असा नियम. कंसांतली पदावली जशी एका आंकड्याच्या जागीं बसते, तसा हा गट एका आज्ञेच्या जागीं बसतो. आणि गटाच्या पोटांत गट, त्याच्या पोटांत आणखी गट, असें कितीही खोल जातां येतें. शिवाय गटाच्या आंत जाहीर केलेलीं नांवें त्या गटापुरतींच असतात. बाहेर त्यांना कोणी ओळखत नाहीं. सर्वच भाषा हा शेवटचा नियम सारखा पाळीत नाहींत. पायथॉन तर 'जर'च्या गटाला असें वेगळें बिऱ्हाड देतच नाहीं. त्या तपशिलांत आज शिरत नाहीं.

अल्गोल ६० चें व्याकरण ज्या संकेतपद्धतीनें लिहिलें होतें, तिला बॅकस आणि पीटर नाउर यांचीं नांवें आहेत. तींत पदावली म्हणजे काय, आज्ञा म्हणजे काय, हें थोडक्या सूत्रांत सांगितलें आहे. तीं सूत्रें पाहून इंगरमन नांवाच्या गृहस्थांनीं १९६७ साली एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र लिहिलें, कीं अशा पद्धतीचा वापर पाणिनीनें फार पूर्वीं केलेला आहे, सबब तिला 'पाणिनि-बॅकस' असें नांव द्यावें. ती सूचना रूढ झाली नाहीं. मला मात्र ज्या दिवशीं हें वाचावयास मिळालें, त्या दिवशीं या परक्या विषयांत एक ओळखीचें माणूस भेटल्यासारखें झालें.

पुढें सी भाषेनें 'बिगिन-एंड' या शब्दांच्या जागीं महिरपी कंस घेतले. आणि पायथॉननें तेही टाकले. व्हान रॉसम यांनीं ही भाषा १९८९ च्या डिसेंबरांत ॲम्स्टरडॅम येथें आरंभिली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांच्या हातीं आली. एबीसी नांवाच्या एका पूर्वीच्या भाषेवरून त्यांनीं असा नियम घेतला, कीं गट कोठें सुरू झाला आणि कोठें संपला, हें समासावरून ओळखावें. 'जर'ची ओळ अपूर्णविरामानें संपते. आपल्या व्याकरणानें त्या चिन्हाला दिलेलें नांव येथें किती चपखल बसतें पहा. वाक्य अजून अपुरें आहे, असेंच तें चिन्ह सांगतें. त्याच्या पुढच्या ओळी चार जागा आंत सरकवून लिहावयाच्या. जोंवर ओळी तितक्याच आंत आहेत तोंवर त्या 'तर'च्या ताब्यांत. ज्या ओळीनें मागें येऊन पूर्वीचा समास धरला, ती मोकळी. म्हणजे 'दिवा लाव' ही ओळ आंत लिहिली तर ती पावसाची, आणि समासाला लागून लिहिली तर ती संध्याकाळची.

हा नियम मला अतिशय आवडला. वहींत समास सोडा, म्हणून मीं मुलांच्या कानीं कपाळीं ओरडण्यांत आयुष्य घालविलें, त्या समासाला अखेर कोणीतरी व्याकरणांत जागा दिली! त्या आनंदाच्या भरांत माझ्या हातून जें झालें, तें आतां सांगतों.

आमच्या गांवांत एका निधींतून दरवर्षीं विद्यार्थ्यांना वह्यापुस्तकें देतात. नियम असा, कीं शंभरांपैकीं ६० किंवा अधिक गुण पाहिजेत. परंतु जीं मुलें दूरच्या वाड्यांवरून पायीं शाळेंत येतात, त्यांच्या गुणांत आधीं १० मिळवावे आणि मग पाहावें. यादी करण्याचें काम माझ्याकडे आलें. हातानें केली असती तर दोन तासांचें काम होतें. पण मला नवी विद्या दाखवावयाची होती. मीं सहा ओळींची आज्ञावली लिहिली. नभोवाणीवर फळा नसतो, म्हणून ओळी वाचून दाखवितों आणि प्रत्येक ओळ समासापासून किती आंत होती तेंही सांगतों.

पहिली ओळ, समासाला लागून: प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं. दुसरी, चार जागा आंत: एकूण म्हणजे त्याचे गुण. तिसरी, चार जागा आंत: तो वाडीवरचा असेल तर. चौथी, आठ जागा आंत: एकुणांत १० मिळव. पांचवी, आठ जागा आंत: एकूण ६० किंवा अधिक असेल तर. सहावी, बारा जागा आंत: त्याचें नांव यादींत घाल.

ऐकतांना सर्व ठीक वाटतें ना? मलाही वाटलें. यंत्रानें एका क्षणांत १९ नांवांची यादी दिली आणि कोठेंही तक्रार केली नाहीं. त्यांतलीं तीन नांवें घेऊन मीं हातानें पडताळा पाहिला. तिन्ही बरोबर. सगळीं नांवें वाड्यांवरच्या मुलांचीं दिसलीं. यंदा वाड्यांवरच्या मुलांनीं चांगलें केलें, असें मनाशीं म्हणून मला समाधानच वाटलें. यादी वाचनालयाच्या फळ्यावर लागली.

तिसऱ्या दिवशीं गांवांतलीच एक मुलगी दाराशीं येऊन उभी राहिली. तिला ८१ गुण होते. तिनें भांडण केलें नाहीं. "गुरुजी, माझे गुण कमी पडले का?" एवढेंच विचारलें. दोन दिवस ती हाच विचार करीत असली पाहिजे, हें तिच्या तोंडावर दिसत होतें.

दोष पांचव्या ओळींत होता. ती चार जागा आंत असावयास पाहिजे होती, मीं ती आठ जागा आंत लिहिली. त्यामुळें ६० गुणांची परीक्षा हीच मुळीं 'वाडीवरचा असेल तर' या अटीच्या घरांत जाऊन बसली. जे वाडीवरचे नव्हते त्यांचे गुण यंत्रानें पाहिलेच नाहींत. आणि मीं पडताळा घेतला तो यादींत असलेल्यांचा. यादीबाहेर राहिलेल्या एकाचाही घेतला नाहीं. यंत्राला दोष द्यावयास जागा नव्हती. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतें, आणि यंत्र व्याकरणापलीकडे कांहीं पाहत नाहीं. शेवटच्या दोन ओळी चार-चार जागा डावीकडे ओढल्या, तेव्हां यादींत ४३ नांवें आलीं. २४ मुलें मीं चार जागांच्या मोकळ्या कागदाखालीं पुरलीं होतीं. दुसरी यादी मीं हातानेंही ताडून पाहिली, फळ्यावर स्वतः लावली, आणि पहिली चुकली ती माझ्यामुळें, असें तिच्याखालीं लिहिलें.

कोणी म्हणेल, मग महिरपी कंसच बरे. तसें नाहीं. सी भाषेंत समासाला कांहीं अर्थ नाहीं. कंस घातला नाहीं तर अटीच्या ताब्यांत फक्त लगतची एक आज्ञा जाते. डोळा मात्र समासच पाहतो. २०१४ च्या फेब्रुवारींत ॲपल कंपनीला आपल्या आयफोनच्या आज्ञावलींत तातडीची दुरुस्ती करावी लागली, ती याच कारणानें. पलीकडचें संगणक-केंद्र खरें कीं तोतया, हें पारखण्याच्या भागांत 'चूक आढळली तर शेवटाकडे जा' अशी ओळ होती. तिच्याखालीं 'शेवटाकडे जा' हीच ओळ चुकून दुसऱ्यांदां पडली. दोन्ही सारख्याच आंत होत्या, म्हणून वाचणाराला त्या एकाच अटीखालच्या वाटल्या. कंस नव्हते, त्यामुळें यंत्राच्या लेखीं दुसरी ओळ मोकळी होती. चूक आढळो वा न आढळो, ती पुढची पारख ओलांडून थेट शेवटाकडे नेत असे, आणि शेवटीं 'कांहीं चूक नाहीं' असा निकाल मिळे. तेथें समासानें माणसाला फसविलें. माझ्या बाबतींत मींच समास चुकविला. घोटाळा एकच, घरें दोन.

अलीकडच्या रस्ट या भाषेंत तर पदावली आणि गट यांची सोयरीकच झाली आहे. तिची पहिली स्थिर आवृत्ति २०१५ साली निघाली. तींत महिरपी कंसांतल्या गटालाही किंमत असते. शेवटीं जी पदावली येईल तिची किंमत ती साऱ्या गटाची. परंतु त्या पदावलीपुढें अर्धविराम घातला, कीं तिची केवळ आज्ञा होते आणि किंमत गेली. एका अर्धविरामानें हातचें उत्तर जावें, हें विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलांना ऐकवावयास मला फार उपयोगीं पडतें.

त्या यादीनंतर मीं शिकविण्याची रीत बदलली. पूर्वीं शाळेंत आम्ही मिश्र वाक्याचें पृथक्करण करीत असूं. प्रधान वाक्य कोणतें, गौण कोणतें, गौण वाक्य कोणत्या शब्दावर अवलंबून आहे, असें कोष्टक मांडीत असूं. मुलांना तें रुक्ष वाटे. आतां तेंच कोष्टक मी आज्ञावलीचें मांडावयास लावतों. आधीं कागदावर लिहावयाचें, प्रत्येक गटाभोंवतीं पेन्सिलीनें चौकट काढावयाची, आणि मग एकेका तुकड्याला दोन प्रश्न विचारावयाचे. पहिला: तुझी किंमत काय? उत्तर आलें तर ती पदावली. दुसरा: तूं कोणाच्या घरची? त्याचें उत्तर बोट चौकटीवर ठेवून द्यावयाचें, मनांतून द्यावयाचें नाहीं. नंतर एक उदाहरण असें घ्यावयाचें, कीं ज्याला 'तर'च्या आंत शिरतांच येणार नाहीं, आणि त्याचें काय होतें तें शेवटपर्यंत पाहावयाचें. पुष्कळ मुलांना हें कंटाळवाणें होतें. कांहींजण सरळ यंत्रापाशीं जाऊन बसतात, आणि मीही त्यांना अडवीत नाहीं.

ती ८१ गुणांची मुलगी हल्लीं या वर्गाला येते. मागें एकदां मीं तेंच पावसाचें आणि दिव्याचें वाक्य सर्वांना पायथॉनमध्यें लिहावयास सांगितलें. बाकीच्यांनीं चटकन् लिहून टाकलें. तिनें पहिल्या दोन ओळी लिहिल्या आणि हात थांबवून विचारलें, "गुरुजी, दिवा आंत घ्यायचा कीं बाहेर?"

"तुमच्या घरीं दिवा कोण लावतें?" मीं विचारलें.

"मीच."

"मग तुला ठाऊक आहे."

तिनें ती ओळ समासाला लागून लिहिली.